एसेन्स तपासला जातो तो खाण्यासाठी, ओढण्यासाठी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत व्हेपिंगवर, म्हणजे ई-सिगारेटची वाफ ओढण्यावर, आलेला लेख वाचला. ‘घातक रसायनं’ हे शब्द त्यात पुन्हा पुन्हा आले, पण एकाही रसायनाचं नाव आलं नाही. हा लेख ज्यांनी वाचायला हवा, त्यांनी तो पहिल्याच परिच्छेदात बाजूला ठेवला असणार. माझ्या भाच्याने तरी तेच केलं. तो ई-सिगारेटचं लिक्विड विकत आणत नाही, घरीच बनवतो. ‘घातक रसायनं’ म्हटलं की तो घाबरत नाही, हसतो. टेबलावरच्या प्रत्येक बाटलीत काय आहे, किती घालायचं, त्याची घनता किती, हे त्याला तोंडपाठ असतं. अशा मुलाला काही सांगायचं तर त्याच्याहून नेमकं बोलावं लागतं, आणि ते बोलायला कोणी तयार नाही म्हणून हे पत्र.

माझी सगळी नोकरी फ्लेवर बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत झाली. बिस्किट, सरबत, औषधाचं सिरप, टूथपेस्ट, सगळ्यांना लागणारा वास आणि चव जुळवणं हे आमचं काम. व्हेपिंगला परवानगी असावी की बंदी, हा कायदा करणाऱ्यांचा विषय आहे, मी त्यात शिरत नाही. पण आम्ही आयुष्यभर जे मिसळलं तेच आता लोक घरी मिसळून छातीत ओढताहेत, आणि ते आमच्या विषयातलं आहे.

भाच्याचं काम मी शेजारी खुर्ची ओढून नीट पाहिलं. दोन मोठ्या बाटल्या. एकीत प्रॉपिलीन ग्लायकॉल, दुसरीत ग्लिसरीन. पहिलं पातळ, चव वाहून नेणारं आणि घशाला जाणवणारं. दुसरं दाट, किंचित गोड, त्याच्यामुळे वाफेचे ढग जाड होतात. बाजूला थेंबाथेंबाने ओतायच्या फ्लेवरच्या लहान बाटल्यांची रांग. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा. त्यावर रिकामी बाटली ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, एकेक द्रव वजनाने ओतायचा. सिरिंज का नाही, असं मी मुद्दाम विचारलं. म्हणाला, “मावशी, ग्लिसरीन सिरिंजला चिकटून राहतं, माप चुकतं. एक मिलिलिटरचं वजन १.२६ ग्रॅम, त्यावरून हिशोब केलेला बरा.” आमच्याकडे नवीन आलेल्या पदवीधरांना हे शिकवायला वेळ लागायचा. मला कौतुक वाटलं, ते लपवत नाही. सिगारेट सोडायची म्हणून तो याकडे वळला आणि सिगारेट सुटली, हेही खरं.

मग त्याने फ्लेवरची बाटली माझ्या हातात दिली. लेबलवर ‘फूड ग्रेड’. “बघ, खाण्यातलंच आहे.”

सगळी गोम इथे आहे. खाण्याच्या फ्लेवरमधला घटक मंजूर होताना विचार होतो तो एवढाच की माणूस दिवसभरात हे पोटात किती घेईल आणि त्याच्या वजनाच्या मानाने ते किती होईल. पोटात गेलेला पदार्थ आम्लातून जातो, आतड्यातून जातो, मग यकृताच्या हाताखालून जातो, आणि त्यातलं बरंच काही तिथेच मोडून टाकलं जातं. श्वासातून गेलेल्याला यातलं काहीच आडवं येत नाही. फुप्फुसातल्या पातळ पडद्यावर आदळायचं आणि थेट रक्तात. म्हणूनच अमेरिकेतल्या फ्लेवर उत्पादकांच्या फेमा या संघटनेने जाहीरपणे सांगितलं आहे की आमची सुरक्षित घटकांची यादी अन्नापुरती आहे, ई-सिगारेटला ती लागू नाही. उत्पादकच असं म्हणत असताना बाटलीवरच्या त्या दोन शब्दांवर विसंबायचं तरी कशाला?

डायअसिटिलचं उदाहरण घ्या. हा पिवळसर द्रव मी असंख्य वेळा हाताळला आहे. बाटलीचं झाकण उघडताच लोण्याचा वास खोलीभर होतो. लोण्यात तो निसर्गतःच असतो, आणि खाऊन कोणाला काही झाल्याचं मी ऐकलेलं नाही. पण २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात जॅस्पर या गावी मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात पूर्वी काम केलेले आठ कामगार फुप्फुसाच्या एकाच दुर्मीळ आजाराने ग्रस्त असल्याचं लक्षात आलं. ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स म्हणतात त्याला. सगळ्यात बारीक श्वासनलिका आतून व्रण धरून कायमच्या बुजतात. त्यांच्यातले काही जण मिश्रणाच्या खोलीत होते. गरम तेलाच्या टाकीत लोण्याचा फ्लेवर ओतायचा, टाकीतून वाफ वर यायची, ती नाकातोंडात जायची. तेच पॉपकॉर्न खाल्ल्यामुळे मात्र कोणाला हा आजार झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

यानंतर उद्योगाने डायअसिटिलच्या जागी त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा २,३-पेंटेनडायोन वापरायला घेतला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तोही श्वासनलिकांना तितकाच वाईट निघाला. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नायोश या संस्थेने २०१६ मध्ये कामगारांसाठी हवेतली मर्यादा सुचवली. डायअसिटिल अब्जात ५ भाग, पेंटेनडायोन अब्जात ९.३ भाग. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बाजारातले ५१ फ्लेवरचे ई-सिगारेट नमुने तपासले, तेव्हा ३९ मध्ये डायअसिटिल सापडलं. कस्टर्ड, क्रीम, बटर, कॅरमल अशा मलईदार चवींमध्ये हे घटक असण्याची शक्यता अधिक.

भाच्याकडे उत्तर तयार होतं. सिगारेटच्या धुरात डायअसिटिल याच्या कितीतरी पट जास्त असतं, आणि व्हेपिंगमुळे पॉपकॉर्न कामगारांचा आजार झाला असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि आपल्या लेखात त्या असत्या तर त्याने तो पुढे वाचला असता. पण मी त्याला विचारलं, तू तर घरी बनवतोस ना? तयार बाटली घेणाऱ्याला आतलं काही काढता येत नाही. तुला नको ते न घालण्याची मोकळीक आहे. मग सिगारेटशी तुलना करत का बसतोस? त्यावर तो गप्प बसला, पण लगेच म्हणाला, “पण बाटलीत ते आहे की नाही, हे मला कळणार कसं?”

प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर आमच्या उद्योगाला शोभणारं नाही. एका फ्लेवरमध्ये कितीतरी घटक असतात आणि सूत्र कुलपात असतं. लेबलवर येतं ‘नैसर्गिक व कृत्रिम सुगंधी द्रव्ये’. सोबत जो सुरक्षा तपशीलाचा कागद मिळतो, त्यात धोकादायक ठरवलेले घटकही ठराविक टक्केवारीच्या वर असतील तरच सांगावे लागतात. खाण्यापुरतं हे ठीक होतं. पण अब्जातले भाग जिथे मोजायचे, तिथे टक्क्यांत लिहिलेला कागद काय कामाचा? काही मोजके उत्पादक डायअसिटिल आणि पेंटेनडायोनची चाचणी करून अहवाल देतात. घरी मिसळणाऱ्याने तो अहवाल मागावा. देत नसतील तर ती बाटली घेऊ नये.

‘मुरवण्या’बद्दलही दोन शब्द. ही मंडळी मिश्रण बनवून लगेच ओढत नाहीत, काही दिवस, कधी काही आठवडे अंधारात ठेवतात, म्हणजे चव जुळून येते. चव जुळते यात शंका नाही. पण त्या बाटलीत रसायनशास्त्र थांबलेलं नसतं. व्हॅनिलामधलं व्हॅनिलिन, बदामासारख्या वासाचं बेंझाल्डिहाइड, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, ही सगळी अल्डिहाइडं प्रॉपिलीन ग्लायकॉलशी संयोग पावून असिटल नावाची नवीन संयुगं बनवतात. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की ही असिटलं वाफेतही उतरतात आणि श्वसनमार्गातल्या जळजळ जाणवून देणाऱ्या ग्राहींना मूळ फ्लेवरपेक्षा जास्त चेतवतात. म्हणजे बाटलीत घातलं एक आणि ओढलं दुसरंच. दालचिनीचं तर विचारूच नका. प्रयोगशाळेत त्याने श्वासनलिकेतल्या पेशींवरचे, कफ बाहेर झाडणारे सूक्ष्म केस मंदावलेले दिसले आहेत, आणि ई-सिगारेटच्या काही प्लास्टिकच्या टाक्यांना त्याने तडे जातात हे व्हेप करणारे स्वतःच सांगतात. टाकीला तडा जातो म्हणून काचेची टाकी आणतात!

तेलाच्या बाबतीत मात्र चर्चेला जागाच नाही. तेलात विरघळवलेला एसेन्स, अत्तराचं किंवा औषधी वनस्पतीचं तेल, व्हिटॅमिनची कॅप्सूल फोडून आलेलं तेल, काहीही घालायचं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप करणाऱ्यांच्या फुप्फुसांना अचानक इजा होऊ लागली. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत रुग्णालयात दाखल झालेले किंवा दगावलेले मिळून २८०७, त्यांत मृत्यू ६८. तपासात ५१ रुग्णांच्या फुप्फुसातल्या द्रावाचे नमुने घेतले, त्यातल्या ४८ मध्ये व्हिटॅमिन ई असिटेट होतं. ते मुख्यतः टीएचसी या गांजातल्या नशेच्या घटकाच्या, ई-सिगारेटमध्ये बसवायच्या बेकायदा काडतुसांत पातळ करायला घातलेलं होतं, साध्या निकोटीन लिक्विडशी त्याची गल्लत करू नये. पण व्हिटॅमिन ई असिटेट म्हणजे काय? त्वचेच्या क्रीममध्ये असतं, गोळ्यांमध्ये असतं, रोज कोट्यवधी लोक बिनधोक वापरतात.

ग्लिसरीन आणि ग्लायकॉल औषधनिर्मितीच्या दर्जाचंच हवं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याचं कारण सांगते. डायइथिलीन ग्लायकॉल हे विष दिसायला तसंच पारदर्शक, चवीला तसंच गोड. १९३७ मध्ये अमेरिकेत एका औषधात ते द्रावक म्हणून वापरलं गेलं आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. स्वस्त, सुट्या डब्यातलं ग्लिसरीन घेण्यापूर्वी एवढं आठवावं.

आता निकोटीन. भाच्याकडे मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम अशी तीव्र बाटली आहे. १०० मिलिलिटर मिश्रणात मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम हवं असेल तर तिच्यातलं ३ मिलिलिटर लागतं. दशांश चिन्ह एक घर सरकलं की ३० मिलिलिटर जातं आणि मिश्रण होतं ३० मिलिग्रॅमचं. युरोपीय संघात विक्रीसाठी कमाल मर्यादाच २० आहे. शिवाय निकोटीन कातडीतून आत जातं. ओली तंबाखूची पानं तोडणारे मजूर मळमळ, ओकारी, चक्कर घेऊन आजारी पडतात ते यामुळेच. हातमोजे घालायचे, सांडलं तर लगेच साबणपाण्याने धुवायचं.

इथे वर्तमानपत्रांना एक विनंती. ‘६० मिलिग्रॅम निकोटीनने माणूस मरतो’ हा आकडा छापणं थांबवा. ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठाचे बर्न्ड मायर यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की तो एकोणिसाव्या शतकातल्या संशयास्पद प्रयोगांवर उभा आहे आणि प्रौढांसाठी खरी मात्रा अर्ध्या ग्रॅमच्या वर असावी. फुगवलेला आकडा एकदा पकडला गेला की पुढचं खरंही कोणी ऐकत नाही. लहान मुलांच्या बाबतीत मात्र फुगवायची गरजच नाही. डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचं मूल द्रव निकोटीन पोटात गेल्याने दगावलं, आणि २०१६ च्या जानेवारीत अमेरिकेत देशभर अशा बाटल्यांना मुलांना न उघडणारं झाकण सक्तीचं करणारा कायदा झाला. घरी मिसळणाऱ्याच्या बाटल्यांना कोणता कायदा? निकोटीन टिकावं म्हणून हे लोक ते फ्रीजमध्ये ठेवतात, घरातल्या सगळ्यांच्या फ्रीजमध्ये, आणि तयार मिश्रणाला वास येतो गोड फळांचा. मी भाच्याला कुलपाचा लोखंडी डबा आणायला लावला. प्रत्येक बाटलीवर चवीचं नाव लिहिलेलं होतं, निकोटीनचं प्रमाण नव्हतं. तेही लिहून घेतलं. कस्टर्डच्या बाटल्या त्याने अजून टाकलेल्या नाहीत, अहवाल मागवला आहे म्हणतो.

पुढच्या लेखासाठी आपल्या प्रतिनिधीने कोणत्याही फ्लेवर उत्पादकाला एवढंच विचारावं: हा फ्लेवर तापवून श्वासातून घेतला तर काय होतं, याची चाचणी तुम्ही केली आहे का, आणि डायअसिटिल, २,३-पेंटेनडायोन यांचं प्रमाण अब्जात किती? उत्तर लेखी मागावं. फोनवर सगळे ‘फूड ग्रेड आहे हो’ एवढंच म्हणतात.

आपली,
एक निवृत्त फ्लेवर केमिस्ट