मोडी वाचणारी पोरं बी.ए.च्याच वर्गात घडतात

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठा कुटुंबांना आरक्षणासाठी कुणबी दाखले देता यावेत म्हणून 2023 साली न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली निजामकाळची दप्तरं उघडली. नोंदी जुन्या मोडी लिपीत आणि उर्दूत, वाचणारे मोजके. प्रशासनाला जाणकारांची शोधाशोध करावी लागली.

मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो, मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जातो. दोन शब्दांत जागा सोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही. वर्ष लिहिलेलं असतं फसली, म्हणजे निजामकाळचं महसुली वर्ष : 1340 फसली म्हणजे इसवी सन 1930-31. आणि अक्षर लागलं म्हणजे काम झालं असं नाही. नोंद सारावसुलीची की जन्म-मृत्यूची, लिहिणारा कोण, त्या काळी त्या गावात जातीचं नाव कशावरून लागायचं, हे पाहावं लागतं. हे इतिहास आणि समाजशास्त्राचं काम आहे. त्या कागदावर एखाद्या घरातल्या पोराचा प्रवेश आणि नोकरी ठरते, म्हणून ते कच्च्या हाती देता येत नाही.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तोही नाणेघाटातल्या शिलालेखासारखे जुने लेख वाचणाऱ्यांच्या कष्टावर. ज्या सातवाहनांचा तो लेख, त्यांची राजधानी आमचं पैठण.

मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. सेट झालं, पीएच.डी. झाली. मानधन घेतलेल्या तासांचंच, तेही महिनोन्महिने रखडतं. सुट्या लागल्या की तेवढंही बंद. पण माझ्या मानधनापेक्षा मोठं नुकसान वेगळं आहे. प्राध्यापक निवृत्त होतात, पद भरलं जात नाही. शिकवायला कायम माणूस नाही म्हणून पोरं तो विषय घेत नाहीत आणि शेवटी विद्यार्थिसंख्या कमी म्हणून विषयच बंद होतो.

माझ्या वर्गात ऊसतोड मजुरांची मुलंमुली आहेत. गावाजवळ त्यांना परवडणारं शिक्षण बी.ए.चंच. कॉलेज सुटल्यावर मी त्यांना मोडी शिकवायला घेतली, तेव्हा पोरींनी घरच्या पत्र्याच्या पेट्यांतली जुनी खरेदीखतं आणली. एकीनं सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा स्वतः लावून दाखवल्या. त्या जमिनीचा वाद तिच्या घरात अजून चालू आहे. या पोरीला 'बी.ए. करून काय होणार' असं विचारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

महोदय, अनुदानित महाविद्यालयांतली इतिहास, मराठी, उर्दू, समाजशास्त्राची रिक्त पदं भरा. विद्यार्थिसंख्येच्या निकषातून ग्रामीण कला महाविद्यालयांना सूट द्या. मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्यात निदान एका महाविद्यालयात मोडी आणि उर्दू दप्तरवाचन श्रेयांकासह पदवीला ठेवा, आणि या विद्यार्थ्यांना तहसिलीच्या अभिलेख कक्षात मानधनावर काम द्या. अभ्यासक्रमाचा आराखडा करून द्यायला आम्ही शिक्षक तयार आहोत; येत्या जूनपासून वर्ग सुरू करता येतील.

आपला,
तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापक,
बीड जिल्हा