वहिनींच्या दुराव्याबद्दल

प्रिय मंदार,

तुझं पत्र वाचलं. ‘तिला मी नकोसा झालोय’ हे आधी मनातून काढून टाक. अपघात होऊन गेला, पण वहिनींचं मन अजून पहाऱ्यावर आहे. मागून हात लागला की दचकणं, क्षुल्लक कारणावरून भडकणं, आनंदाच्या प्रसंगीही कोरडं राहणं, ही त्या आघाताची लक्षणं आहेत. भीती बधिर झाली की तिच्यासोबत मायाही बधिर होते.

आता जरा कठीण बोलतो. त्यांच्याऐवजी तूच सगळीकडे जातोस, पाहुण्यांना परस्पर नाही म्हणतोस, अपघाताचा विषय निघाला की बदलतोस. हे प्रेमापोटीच आहे, पण त्यानं टाळाटाळ पक्की होते. टाळलं की लगेच हायसं वाटतं, आणि धोका संपलाय हे मनाला कळायची वेळच येत नाही. तरी उद्यापासून एकदम हात काढून घेऊ नकोस. कोणती मदत कधी सोडायची ते वहिनी आणि थेरपिस्ट मिळून ठरवतील.

थेरपिस्टला सरळ विचारा, ‘आघातासाठी कोणती पद्धत वापरता?’ नुसतं मन मोकळं करणं बहुतेकदा पुरत नाही. प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर, म्हणजे टाळलेल्या आठवणींना आणि गोष्टींना हळूहळू सामोरं जायची पद्धत, यात साधारण 8 ते 15 सत्रं असतात, बहुधा 90 मिनिटांची. त्यात तो प्रसंग आत्ता घडतोय असा मोठ्यानं सांगायचा, त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं. टाळलेल्या गोष्टींना 0 ते 100 असे भीतीचे आकडे देऊन 40-50 वाल्यांपासून सुरुवात करायची, आणि भीती ओसरेपर्यंत तिथे थांबायचं. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी साधारण 12 सत्रांची. ‘चूक माझीच होती’ असे रुतून बसलेले विचार त्यात कागदावर उतरवून तपासतात. शेवटची सत्रं सुरक्षितता, विश्वास, नियंत्रण, स्वतःची किंमत आणि जवळीक यांवर असतात. तुमच्या दोघांसाठी मला तीच फार मोलाची वाटतात.

सुरुवातीच्या काही सत्रांनंतर वाईट स्वप्नं आणि चिडचिड वाढू शकते. तेव्हा थेरपी सोडावीशी वाटू शकते. ‘त्रास होतोय तर राहू दे’ असं तेव्हा म्हणू नकोस. ‘हे थेरपिस्टला सांगूया’ म्हण. जीव द्यायचे विचार बोलून दाखवले तर मात्र पुढच्या सत्राची वाट न बघता त्याच दिवशी कळवायचं, आणि त्यांना एकटं सोडायचं नाही.

घरी, स्पर्शाआधी विचार. भांडण चढलं तर ‘अर्ध्या तासानं बोलू’ असं सांगून बाहेर पड आणि ठरल्या वेळी परत ये. सत्रात काय झालं ते खोदून विचारू नकोस. वहिनींना चालणार असेल तर एखाद्या सत्राला तुला बसता येईल का, तेवढं विचारून घे. जोडप्यानं मिळून घ्यायची 15 सत्रांची पद्धतही आहे.

तुझा,
अविनाश