आई-बाबा, यावेळी मला पाहुणी करू नका

ति. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. फोन रोजच होतो पण त्यात "जेवलीस का, छोटी झोपली का" एवढंच होतं आणि जे बोलायचं ते राहूनच जातं, म्हणून आज लिहायलाच बसले.

मामा-मामी काल रात्रीच्या विमानाने गेले. बारा दिवस होते. सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या या घरातले हे आमचे शेवटचे पाहुणे. चांगी एअरपोर्ट इतका जवळ, त्यामुळे नऊ वर्षांत कोण कोण नाही आलं सांगा, जावांची माहेरची माणसं, यांचे कॉलेजचे मित्र, ऑस्ट्रेलियाला जाताना दोन दिवस थांबणारे, आणि मला ते सगळं मनापासून आवडलं. मुस्तफाचं मोठं दुकान, टेक्का मार्केट, एअरपोर्टवरच्या ज्वेल मॉलमधला तो ४० मीटरचा धबधबा, माझे पाय आता आपोआप त्या वाटेने जातात. तुम्ही दोघं मात्र एकदाच आलात, २०१७ ला, छोटी व्हायच्या आधी. नंतर दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू" झालं आणि आता आम्ही नेदरलँड्सला निघालो, हे घरच सुटतंय.

या वेळी घर निम्मं खोक्यात होतं. परवा पॅकर्स येणार आहेत. बरीच जहाजं सुएझमधून न जाता अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला जातात म्हणून सामानाला दोन महिने तरी धरा म्हणाले, आत्ता नाही पाठवलं तर जानेवारीत तिकडे थंडीत रिकाम्या घरात बसावं लागेल. त्यामुळे पाहुणे असतानाच भांडी बांधून झाली होती, बाहेर एक कुकर, दोन कढया आणि आजीची पितळी परात, ती मी शेवटपर्यंत बांधू दिली नाही. मामी म्हणायच्या अगं आम्ही चुकीच्या वेळी आलो, मी म्हणायचे नाही हो, तुम्ही आहात म्हणून दिवाळी दिवाळीसारखी झाली. आणि ते खरंच होतं.

पण एक गोष्ट झाली, ती सांगायलाच खरं तर हे पत्र.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी मामींना डाउनटाउन लाईनच्या मेट्रोने लिटल इंडियाला घेऊन निघाले होते. बुगिस स्टेशनच्या थोडं आधी त्या एकदम गप्प झाल्या, बघते तर कपाळ घामाने ओलं आणि हात थरथरतायत. शुगर उतरली होती. ट्रेनमध्ये खायला-प्यायला इथे सक्त मनाई, ५०० डॉलरपर्यंत दंड आहे, पण तेव्हा कोण बघतंय ते, मी पर्समधला छोटीचा ज्यूस काढून त्यांच्या तोंडाला लावला आणि बुगिसला उतरून बाकावर बसवलं. शेजारची एक चिनी बाई आमच्याबरोबर उतरली आणि मामींना बरं वाटेपर्यंत त्यांचा हात धरून बसली, भाषा एकमेकींची कळत नव्हती तरी. नंतर कळलं की सकाळी गोळी घेतली पण नाश्ता केलाच नव्हता. मी खोक्यांवर याद्या चिकटवत होते ना, तर "तिला कशाला उठवायचं कामातून" म्हणून. आणि तीन दिवसांपासून चक्कर येत होती तेही बोलल्या नव्हत्या. पाहुणे म्हणून आलोय, त्रास नको.

आई, त्या रात्री मला झोप लागली नाही. मागच्या वर्षी तुझं मनगट मोडलं ते मला प्लास्टर निघाल्यावर कळलं. बाबा, तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगितलंय हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. तुम्ही माझ्याशी पाहुण्यासारखं वागायला कधी लागलात? मीही तेच करते हे मला माहितीये. कोविडमध्ये यांचा पगार कापला होता ते मी तुम्हाला दोन वर्षांनी सांगितलं. "काळजी नको" म्हणत म्हणत आपण एकमेकांना काहीच कळू देत नाही असं झालंय.

मागच्या वेळी घरी आले तेव्हा पण बघ ना. नवीन चादरी, काचेचे ते फक्त पाहुण्यांना निघणारे कप, मी ओट्यापाशी आले की तू म्हणणार "बस गं, किती दिवसांनी आलीयेस", आणि मी अकरा वाजेपर्यंत झोपायची आणि तू गुडघे धरून पोळ्या लाटायचीस. मी इथे सगळ्यांचं केलं, बारा-बारा दिवस केलं, आणि तुमचंच करायचं राहिलं.

म्हणून यावेळी ऐका. ६ डिसेंबरला आम्ही येतोय, ४ जानेवारीला मुंबईहून ॲमस्टरडॅमचं विमान आहे, म्हणजे महिनाभर मिळाला. हे थोडे दिवसच राहतील, इथली कंपनी टॅक्स क्लिअरन्स होईपर्यंत शेवटचा पगार रोखून ठेवते त्याची कामं उरतील. मी आणि छोटी मात्र पूर्ण महिना. सकाळचा स्वयंपाक माझा. बाबांच्या डोळ्याची तारीख १० ते १५ मधली घ्या, तीन वेळा थेंब घालायला मी आहे. औषधांचे सगळे कागद एका फायलीत लावू, मला फोटो काढून ठेवायचेत. आणि आई, कप आपले रोजचेच.

बाबा, जन्माच्या दाखल्यासाठी तुम्ही उन्हात हेलपाटे घातलेत, अपोस्टील, म्हणजे परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, होऊन तो इथे पोचला. तिकडे नगरपालिकेत नाव नोंदवताना तो मागतात, त्यामुळे तुमचं ते काम फार मोठं होतं.

सामानाचं सांगते. तूप कढवू नकोस गं आई. पेढे, खवा पण नको. बाहेरून येणाऱ्याला दुधातुपाचं काहीच युरोपात नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात आणि तुझं तूप असं गेलेलं मला बघवणार नाही. कढीपत्ताही नाही चालत. सांगलीची हळद, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भडंग, एवढं पुष्कळ झालं. माझं इथलं कढीपत्त्याचं झाड शेजारच्या मलय आजींना दिलं, त्या दर ईदला आम्हाला अननसाचे टार्ट द्यायच्या आणि मी त्यांना चकल्या. झाड दिलं तेव्हा त्या रडल्या आणि मग मी पण.

आता फोनच्या वेळा बदलतील. इथे आम्ही तुमच्यापेक्षा अडीच तास पुढे, तिकडे थंडीत साडेचार तास मागे. तुमचे रात्रीचे नऊ वाजतील तेव्हा माझी संध्याकाळ, त्यामुळे तुम्हाला जेवून निवांत बोलता येईल. जानेवारीत तिकडे उजाडायलाच पावणेनऊ होतात म्हणे, त्याची थोडी धास्ती आहे, पण होईल.

आणि पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही यायचंय. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो त्या व्हिसावर, ९० दिवसांपर्यंत राहता येतं, ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो तो मी काढते, बोटांचे ठसे द्यायला तुम्हाला जावं लागेल तेवढंच. माझी आमंत्रणाची कागदपत्रं मी तिकडे पोचले की लगेच पाठवते. बाबा, आपल्या माळ्यावरचा फिलिप्सचा रेडिओ आठवतो ना, ती कंपनी १८९१ ला आम्ही जातोय त्याच आइंडहोवनमध्ये सुरू झाली, पहिल्या बल्बच्या कारखान्यात आता म्युझियम आहे. तुमच्याबरोबरच बघायचं म्हणून मी आधी जाणार नाही. यावेळी "बघू" नाही चालणार, पासपोर्टची तारीख आजच बघून मला कळवा.

महालक्ष्मीचं तिकीट झालंय, ७ ला पहाटे मिरजेला उतरू. बाबा, थंडीत स्टेशनवर येऊ नका, आम्ही रिक्षाने येतो असं लिहिणार होते, पण या. छोटी विचारतीये की आजोबा कुठल्या खांबापाशी उभे राहणार.

तुमची,
मोठी