भिंत रंगवण्यासाठी जर्मनीला निघण्यापूर्वी आई-बाबांना पत्र

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

जर्मनीतील व्हीसबाडेन येथे भरणाऱ्या ‘मीटिंग ऑफ स्टाइल्स’ या आंतरराष्ट्रीय ग्राफिटी मेळाव्यासाठी माझी निवड झाली, हे फोनवर सांगितले तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत आणि आईने एवढेच विचारले की, तिथे पोलीस तर धरणार नाहीत ना. त्या प्रश्नाचे आणि त्या गप्प बसण्याचेही उत्तर मला सविस्तर द्यायचे आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आई, तुझी शंका रास्त आहे. मालकाच्या परवानगीवाचून भिंतीचे रूप बदलणे हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे आणि २००५ साली तेथील दंडसंहितेत तशी स्पष्ट तरतूदही झाली आहे. आमचा मेळावा मात्र परवानगीच्या भिंतींवरच भरतो. व्हीसबाडेनच्या जुन्या कत्तलखान्याच्या आवारात १९९७ पासून ‘वॉल स्ट्रीट मीटिंग’ या नावाने रायटर, म्हणजे ग्राफिटी काढणारे कलाकार, एकत्र येत असत. त्यातूनच २००२ साली हा मेळावा उभा राहिला आणि आता तो जगातल्या अनेक देशांत भरतो. व्हीसबाडेनमधल्या भिंती माइन्ट्स-कास्टेल भागात, ऱ्हाइन नदीवरील पुलाच्या तोंडाशी आहेत. तिथे भर दिवसा, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर रंगवायचे असते. रात्री लपूनछपून काही करायचे नाही, हे तू निश्चिंतपणे मनात धर.

रंगाच्या वासाचीही तुला काळजी वाटते. मी नेहमी मास्क लावते, आणि तो साधा कापडी नसून रसायनांची वाफ शोषणारे फिल्टर असलेला आहे, हातमोजेही असतात. शिवाय सगळे काम उघड्यावर चालते.

बाबा, तुम्ही मला रंगवताना कधी पाहिलेले नाही, म्हणून ते काम कसे चालते ते थोडे सांगते. कागदावरचे स्केच मोठ्या भिंतीवर उतरवायचे तर प्रमाण बिघडण्याची भीती असते. त्यासाठी आधी भिंतीवर वेडीवाकडी चिन्हे काढायची, त्यांचा फोटो घ्यायचा आणि त्या फोटोवर मोबाइलमध्ये स्केच ठेवायचे. मग स्केचमधली कोणती रेषा कोणत्या चिन्हाजवळून जाते ते पाहत हलक्या रंगाने आखणी करता येते. त्यानंतर फिल, म्हणजे अक्षरांच्या आत रंग भरणे, मग छटा, पार्श्वभूमी आणि शेवटी आउटलाइन. या शेवटच्या रेषेत हाताची खरी परीक्षा असते. बारीक कॅप, म्हणजे स्प्रे कॅनचे रंग फवारणारे तोंड, भिंतीच्या अगदी जवळ धरून हात झपाट्याने नेला तर रेषा धारदार येते, कॅन जरा दूर गेला तर कडा धूसर होते, आणि हात क्षणभर रेंगाळला तरी ओघळ येतो. सलग फवारत राहिले की कॅन हातात गार पडतो व त्याचा दाब उतरतो, म्हणून तो बाजूला ठेवून दुसरा घ्यावा लागतो. मनगट नव्हे, तर खांद्यापासूनचा सगळा हात आणि पुष्कळदा सगळे शरीर त्या रेषेबरोबर सरकते. हे अंगात मुरायला वर्षे लागतात, आणि ती मी दिली आहेत.

मी ‘भिंगरी’ हा शब्द रंगवणार आहे. रोमन लिपीतले रायटर अक्षरे एकमेकांत गुंफण्यासाठी बाण आणि जोड काढतात. देवनागरीत ते काम शिरोरेषा आपणहून करते. भ वर ती तुटते, तिथून मी सगळा शब्द फिरवायला सुरुवात केली आहे, आणि डावीकडची व उजवीकडची वेलांटी मिळून ती गिरकी पूर्ण करतात.

आता तुमच्या गप्प बसण्याविषयी. एवढ्या लांब जाऊन जे काढायचे ते पुढे कुणीतरी पुसणारच, मग ते कशासाठी, असे तुमच्या मनात असावे. ते पुसले जाईल, हे खरे आहे. पुढच्या खेपेला त्याच भिंतीवर दुसरा रायटर रंगवील, आणि मला ते मान्य आहे, कारण मलाही कुणाच्या तरी चित्रावरच जागा मिळणार आहे. मात्र न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या इमारतीवर जे झाले ते मला मान्य नाही. तिथली चित्रे मालकाच्या संमतीने काढलेली होती, तरी नोव्हेंबर २०१३ मध्ये एका रात्रीत त्यांवर पांढरा रंग फिरवला गेला. त्याबद्दल २१ कलाकारांना ६७ लाख ५० हजार डॉलर भरपाई द्यावी, असा निकाल २०१८ साली न्यायालयाने दिला, आणि तो अपिलातही टिकला. तुमचा कायद्यावर विश्वास आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले: भिंतीवरच्या कामालाही कलाकृती म्हणून मान आहे, असे न्यायालयाने मानलेले आहे. माझ्यासाठी मात्र खरे मोल त्या सहवासाचे आहे. शेजारच्या भिंतीवर माझ्याहून कितीतरी चांगला हात चालू असेल आणि तो मला जवळून पाहता येईल, हे घरबसल्या कोणत्याही फोटोतून मिळत नाही.

तयारी बरीचशी झाली आहे. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो, तो काढला आहे. स्प्रे कॅन विमानात, अगदी चेक-इन सामानातही, नेता येत नाहीत, त्यामुळे रंग तिथेच घ्यायचे आहेत. सोबत फक्त कॅप, मास्क आणि स्केचबुक असेल.

या पत्रासोबत दोन स्केचे पाठवते आहे, एक निळ्या पार्श्वभूमीचे आणि दुसरे विटकरी. भिंत उन्हात असेल, म्हणून माझा कल निळ्याकडे आहे, पण बाबांची रंगाची नजर माझ्याहून पक्की आहे. रंगांची यादी मला लवकरच नक्की करायची आहे, तेव्हा दोघांनी पाहून आपले मत कळवावे.

तुमची लेक