सईच्या फोनबद्दल

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

सातवीत गेल्यापासून सईने स्वतःच्या फोनचा धोशा लावलाय आणि घरात रोज रुसवेफुगवे चाललेत, हे वाचून जीव हळहळला. तू सरळ विचारलंस, मीही सरळ सांगतो. यंदा देऊ नकोस.

मात्र ‘वर्गात सगळ्यांकडे आहे’ हे तिचं म्हणणं हट्ट म्हणून उडवून लावू नकोस. मैत्रिणींच्या ग्रुपवर रात्री गप्पा होतात, सकाळी शाळेत त्याच पुढे चालू राहतात आणि सईला त्यातलं काही ठाऊक नसतं. त्या वयात हे फार लागतं रे. एकाच घराने नाही म्हटलं की पोरीला ती शिक्षाच वाटते. आयर्लंडच्या ग्रेस्टोन्स गावात २०२३ मध्ये आठ प्राथमिक शाळांच्या पालकांनी मिळून ठरवलं, माध्यमिक शाळेत जाईपर्यंत मुलांना स्मार्टफोन द्यायचा नाही. सक्ती कुणावर नव्हती. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. त्यात मोठी माणसंही आली, म्हणून मला ते फार पटलं. तूही सईच्या जवळच्या मैत्रिणींच्या आईवडिलांना एकदा चहाला बोलाव. त्यातली दोन घरं जरी थांबायला तयार झाली, तरी सई एकटी पडणार नाही.

वयाचं म्हणशील, तर त्यावर कुठेच एकमत नाही. व्हॉट्सॲपची अट १३ वर्षांची. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्या मुलांना सोशल मीडियावर खाती ठेवायला बंदी केली. आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ पूर्ण होईपर्यंत मूलच मानतो. मी तुझ्या जागी असतो तर वेगळंच पाहिलं असतं. ठेव म्हटल्यावर ती तुझा फोन खाली ठेवते का? अनोळखी माणसाचा मेसेज किंवा घाणेरडा फोटो आला, तर धावत तुमच्याकडे येईल, की फोन जाईल या धास्तीने लपवेल? यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं आणि ते तुमच्या वागण्यावर अवलंबून आहे. ‘काहीही दाखवलंस तरी रागावणार नाही’ हे तिला आत्तापासून सांग आणि तसंच वाग.

तोवर क्लासला जाता-येता बटणांचा साधा फोन पुरे. पुढे स्मार्टफोन देशील, तेव्हा रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. तुझाही.

वहिनींना नमस्कार, सईला अनेक आशीर्वाद. त्या पालकांशी बोलणं झालं की काय ठरलं ते कळव.

तुझा,
अविनाश