शेकाट्याचा तो फोटो

प्रिय मित्रा,

काल फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही, म्हणून हे पत्र. शेकाट्याचा, त्या लांब लाल पायांच्या पाणपक्ष्याचा, फोटो डिलीट केल्याचं तू इतक्या सहज सांगितलंस की मला पटकन काही बोलताच आलं नाही. आधी एक काम कर. ते कार्ड कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेव, त्यावर आता एकही फोटो काढू नकोस. डिलीट केलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरी सॉफ्टवेअरला ती बऱ्याचदा सापडते. कार्ड काढलंस की मग पुढचं सावकाश वाच.

कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनचा मोबाइलवर काढून पाठवला होतास, तेवढाच तो फोटो माझ्याकडे उरलाय. रात्री पुन्हा उघडून बघितला. पाणी आणि धुकं एकाच रंगाचं, कुठे पाणी संपतं ते कळतच नाही. डावीकडे खाली शेकाट्या, एक लाल पाय उचललेला, आणि त्या पायावरून पडलेल्या थेंबाचं एकच वर्तुळ पाण्यावर. बाकी सगळी फ्रेम रिकामी, आणि तो त्या रिकामपणाकडे बघत निघालाय. तुझं म्हणणं, शंभर टक्के झूम केल्यावर डोळा सॉफ्ट, म्हणजे पुसट, दिसतो. दिसत असेल. उजेड फुटायचा होता, शटर 1/60 सेकंदावर होतं आणि पक्षी चालत होता. पण डोळा तपासायच्या आधी तू तो फोटो नुसता बघितलास का रे?

शार्पनेस मला नकोय असं नाही, हे तुला माहीत आहे. 600 मिलिमीटरची लेन्स, तिचं छिद्र एफ 6.3, आणि पक्षी 8 मीटरवर असला तर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर फोकसमधली पट्टी जेमतेम 6-7 सेंटिमीटरची असते. राखी बगळ्याची नुसती चोच त्याहून लांब. फोकस डोळ्याऐवजी पंखावर बसला तर तो फोटो गेला, मग मागे कितीही सुंदर धुकं असो. तापलेल्या जमिनीवरून लांबचा पक्षी टिपताना हवाच थरथरत असते. तिथे लेन्स कितीही भारी असली तरी पिसं विरघळल्यासारखी येतात, आणि अशा वेळी कॅमेरा बॅगेत ठेवलेला बरा. पण फोकस चुकणं वेगळं आणि कमी उजेडात पक्षी जरासा हलणं वेगळं. आपण मात्र दोन्हींना सरसकट डिलीटचं बटण दाबतो.

पूर्वीच्या लोकांना हा प्रश्न याहून अवघड होता. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या इंग्लंडमधल्या भावांनी 1892 मध्ये पक्ष्याच्या घरट्याचा, आतल्या अंड्यांसकट, फोटो काढला. काचेच्या प्लेटा, मंद एक्स्पोजर, त्यामुळे पक्ष्याच्या अगदी जवळ जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यासाठी 1900 च्या सुमारास त्यांनी कातड्याचा पोकळ बैल बनवून घेतला आणि त्यात लपून फोटो काढले! आज आपल्याकडे लांब पल्ल्याच्या लेन्सा आहेत, 45 मेगापिक्सेलचे सेन्सर आहेत, आणि 2020-21 पासून पक्ष्याचा डोळा आपला आपण शोधणारे कॅमेरे आले आहेत. तरी आपण पुढेच सरकत राहतो. अजून दोन पावलं, म्हणजे पिसांच्या कडा दिसतील.

टिटवीचं मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

खडकाळ माळावर टिटवी अंड्यांवर बसली होती. मी साधारण 20 मीटरवर पालथा पडलेलो. कोवळं ऊन तिरपं येत होतं, प्रत्येक दगडाला लांब सावली, आणि त्या दगडांत ती इतकी मिसळलेली की तिच्या डोळ्यापुढची लाल कातडी दिसली नसती तर ती कळलीच नसती. तिथून सात-आठ फोटो काढले. स्क्रीनवर बघितलं तर फ्रेममध्ये ती इवलीशी. मला पिसं हवी होती. कोपरांवर सरपटत मी अंतर अर्धं केलं आणि ती उठली. ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली. गारगोट्यांसारखी चार अंडी उघडी पडली. येईल परत, असं म्हणत मी तिथेच पडून राहिलो. ऊन चढत गेलं. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवते, हे मी वाचलं होतं. ती तशीच आली, ओल्या पोटाने. पण माझ्यामुळे अंड्यांपर्यंत येईना, चार हात लांब उभी राहिली. मी तेव्हाही बटण दाबलं. नंतर मागे सरकलो, बराच मागे, तेव्हा कुठे ती जाऊन बसली.

त्या फोटोत पोटावरचे थेंब मोजता येतात. इतका शार्प फोटो माझ्याकडे दुसरा नाही, आणि तो मी आजवर कुणाला दाखवलेला नाही. भिंतीवर लावलाय तो 20 मीटरवरचा, दगडांचा. त्यात तिचं सगळं घर आहे.

तेव्हापासून मला वाटतं, शार्पनेसची भूक आपल्याला पक्ष्याच्या अंगावर नेते, आणि रचनेचा विचार मागे राहायची मुभा देतो. लांबून काढायचं ठरवलं की बघायला कितीतरी गोष्टी सापडतात. डोक्यामागून जाणारी पांढरी काडी अर्धं पाऊल डावीकडे सरकलं की निघून जाते. बसल्या जागेवरून पक्ष्यामागे चिखल दिसत असेल तर आडवं पडल्यावर तिथे पलीकडचा काठ येतो, लांबचा, मऊ झालेला. मान किंचित आपल्याकडे वळेपर्यंत थांबावं, मग डोळ्यात उजेड येतो. आणि पक्षी दरवेळी मधोमध कशाला? जुन्या कॅमेऱ्यांत मधला फोकस पॉइंट सगळ्यात भरवशाचा होता, म्हणून हाताला ती सवय लागली. आता कॅमेरा फ्रेमच्या कोपऱ्यातला डोळासुद्धा पकडतो. तू शेकाट्याला कोपऱ्यात ठेवलंस, तेही इतक्या कमी उजेडात. ते तुझं तुला दिसायला हवं होतं.

शार्प करून देणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरचं तू विचारलं होतंस. नॉइज, म्हणजे कमी उजेडात फोटोवर येणारे दाणे, कमी करायला मी वापरतो. पण पुसट आलेल्या पिसांत नवी पिसं रेखाटून देणारं मला नको. पक्ष्याच्या अंगावर तेव्हा जे आपल्याला दिसलं नाही, ते नंतर घरी बसून का भरायचं?

फाइल सापडली तर मला आहे तशी पाठव, क्रॉप न करता. मी ती 12 बाय 18 इंचांवर छापून घेणार आहे. आणि सापडली नाही तर पुन्हा धुकं पडेल तेव्हा आपण दोघं जाऊ, अंधार असतानाच जाऊन काठावर आडवे होऊ. त्या पाण्यावर शेकाटे रोज उतरतात, असं तूच म्हणालास ना?

तुझाच,
वाट बघणारा मित्र