वनमंत्र्यांना खुलं पत्र : "गेल्या वर्षी किती होती?"

प्रति,
माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : मालवणची पोवळी आणि आंबोलीचे बेडूक मोजण्यासाठी स्थानिक स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी मालवणचा. वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, होते; मी पर्यटकांना स्कूबासाठी पाण्याखाली नेतो. सीझनमध्ये दिवसातून तीन-चार वेळा तोच खडक आणि तीच पोवळी बघतो. एका मे महिन्यात त्यातली काही पांढरी पडलेली दिसली. फोटो काढून एका कार्यालयात घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गेल्या वर्षी किती होती?" मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं मी बघत आलो होतो, मोजलं कधीच नव्हतं.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. बुद्धपौर्णिमेला राज्यातल्या जंगलांत हौशी माणसं मचाणावर रात्र जागवून पाणवठ्यावर आलेलं जनावर टिपतात. आमच्या किनाऱ्यावर अशी लोकांनी मिळून केलेली मोजणी मी तरी अजून पाहिलेली नाही.

पण पाण्याखाली नुसत्या हौसेवर मोजता येत नाही, शिकावं लागतं. 'रीफ चेक' नावाची पद्धत १९९७ पासून जगभरचे हौशी डायव्हर वापरतात. शंभर मीटरची टेप अंथरायची, तिच्यावर वीस-वीस मीटरचे चार तुकडे धरायचे, आणि दर अर्ध्या मीटरला टेपखाली काय आहे ते लिहायचं : जिवंत पोवळं, मेलेलं पोवळं, खडक, वाळू, शेवाळ. अशा १६० नोंदी होतात. मी एकदा साधी दोरी आणि प्लास्टिकची पाटी घेऊन करून पाहिलं. पाण्याला ओढ आली की दोरी हाताभर सरकायची आणि खालचं पोवळंच बदलायचं. शिवाय पांढरं दिसेल ते मी 'मेलेलं' म्हणून लिहीत गेलो. ती माझी चूक होती. पाणी फार तापलं की पोवळ्याच्या आत राहणारं सूक्ष्म शैवाल निघून जातं आणि ते पांढरं पडतं, पण अगदी जवळ गेलात तर अंगावर काचेसारखा पातळ, जिवंत थर दिसतो. तो आहे तोवर पोवळं सावरू शकतं. मेलं की त्यावर लवकरच शेवाळाची लव धरते. हा फरक ओळखणारी नजर आठ-दहा दिवसांच्या सरावाने येते. दोघांनी एकच रेषा वेगवेगळी मोजायची आणि आकडे जुळेपर्यंत नोंद धरायची नाही, एवढी शिस्त मात्र हवी.

आंबोलीचंही तेच. तिथल्या सदाहरित जंगलात पाणी जागोजाग, त्यामुळे पाणवठ्यावरची गणना उपयोगाची नाही. २००९ साली शास्त्राला नव्याने कळलेला आंबोली टोड हा बेडूक पहिल्या पावसात सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळावरच्या, डबक्यांशी जमतो. त्या मोजक्या रात्री चुकल्या की वर्ष गेलं. त्या रात्री घाटात पोचणार गावातलीच पोरं. त्यांना आवाज ओळखायला आणि ठरलेल्या वाटेवर ठरलेल्या वेळी चालायला शिकवायला हवं.

एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. आमच्याकडे सर्व्हे म्हटला की मच्छीमारांच्या पोटात गोळा येतो. आज मोजतील, उद्या जाळं टाकायला बंदी करतील, अशी भीती आहे, आणि अभयारण्याचा आजवरचा अनुभव पाहता ती खोटी म्हणता येणार नाही. पाटी-पेन्सिल त्यांच्याच मुलांच्या हातात दिली तर आकड्यांवर विश्वास बसेल. गोब्रा नि तांबोशी हे मासे तर या मुलांना कुणी ओळखायला शिकवायचीही गरज नाही.

मागणी मोठी नाही. पाऊस संपून पाणी निवळलं की मालवणात, आणि पावसाच्या तोंडावर आंबोलीत, दरवर्षी एकेक प्रशिक्षण वर्ग घ्या. शिकवायला सागरी जीवशास्त्राची आणि बेडकांची जाणकार माणसं द्या. तयार झालेल्या स्वयंसेवकांच्या नोंदी खात्याने दफ्तरी घ्याव्यात आणि गावात वाचून दाखवाव्यात. टेप आणि पाट्या आम्ही वर्गणी काढून आणू.

या ऑक्टोबरात पहिली रेषा टाकता आली, तर पुढच्या मे महिन्यात त्या साहेबांना मी आकडा सांगू शकेन.

आपला,
मालवणचा एक स्कूबा गाइड